गिनती, मुलाकात आणि तारीख: जेलमधला दिवस नेमका कसा जातो?

२९ ऑक्टोबर २०२१, शुक्रवार. संध्याकाळचे साडेपाच वाजत आले होते आणि अख्ख्या देशाचे कॅमेरे मुंबईतल्या आर्थर रोड जेलच्या दारावर लागले होते. शाहरुख खानचा मुलगा आर्यन खान याला मुंबई उच्च न्यायालयाने आदल्या दिवशीच जामीन दिला होता. वकिलांची पळापळ सुरू होती. पण जामिनाचे कागद जेलबाहेरच्या पेटीत वेळेत पडले नाहीत. पेटी उघडून झाली, दार बंद झालं. आर्यनला आणखी एक रात्र आत काढावी लागली आणि शनिवारी सकाळी तो बाहेर आला.

जेलच्या बाहेर जामिनाच्या कागदांसाठी एक पेटी असते, हे अनेकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. सोशल मीडियावर या पेटीवर मीम्सही आले. पुढे मे २०२२ मध्ये या प्रकरणाचं आरोपपत्र दाखल झालं, तेव्हा आर्यनचं नाव त्यात नव्हतं.

त्या एका रात्रीची ब्रेकिंग न्यूज झाली. पण जामीन मंजूर होऊनही कागदासाठी, हमीदारासाठी किंवा काही हजार रुपयांसाठी आतच राहिलेले कैदी देशभरात आहेत. त्यांच्यासाठी जेलच्या दारावर कुणी कॅमेरा लावत नाही.

मग आतला दिवस कसा असतो? सिनेमात दिसतो तसा? चक्की पिसणारा, मारामाऱ्या करणारा, भुयार खणणारा? जे आत राहून आले त्यांनी लिहिलेलं वाचलं, तर चित्र बरंच वेगळं दिसतं. त्यात सगळ्यात जास्त वेळा येणारी गोष्ट म्हणजे वाट पाहणं.

आधी हे समजून घेऊ, आत असतं कोण?

जेलमध्ये आहे म्हणजे गुन्हा केला आहे, असं आपण सहज म्हणून जातो. आकडे वेगळं सांगतात.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, देशातल्या तुरुंगांची आकडेवारी प्रसिद्ध करतो. २०२२ च्या शेवटी देशातल्या तुरुंगांमध्ये ५,७३,२२० लोक होते. जागा होती ४,३६,२६६ लोकांची. म्हणजे शंभर माणसांच्या जागेत साधारण १३१ माणसं.

आता यातला महत्त्वाचा आकडा बघा. या लोकांपैकी ४,३४,३०२ जणांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नव्हता. शंभरातले जवळपास ७६. सरकारी भाषेत त्यांना न्यायाधीन बंदी म्हणतात, बोलीभाषेत कच्चे कैदी. ज्यांना शिक्षा झाली आहे ते सिद्धदोष किंवा पक्के कैदी.

हा आकडा तुरुंगांच्या एकूण क्षमतेशेजारी ठेवून पाहा. देशातल्या सगळ्या तुरुंगांची मिळून जी क्षमता आहे, ती एकट्या कच्च्या कैद्यांनीच जवळजवळ भरून जाते. शिक्षा झालेल्यांची मोजणी तर अजून सुरूही झालेली नसते.

आतलं आपल्याला सांगतं कोण?

जेल आणि मराठी पुस्तक यांचं नातं जुनं आहे. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात लिहिलं. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि ती उतरवून घेतली साने गुरुजींनीच. ही पुस्तकं घराघरात आहेत, पण ती जेलमध्ये लिहिलेली आहेत. जेलविषयी ती फारसं सांगत नाहीत. सावरकरांचं ‘माझी जन्मठेप’ मात्र अंदमानचा कोलू, काथ्याकूट, तिथलं जेवण हे सगळं सांगतं.

गेल्या दहा-बारा वर्षांत पुन्हा अशी पुस्तकं येऊ लागली. मुंबईचे चित्रकार आणि कार्यकर्ते अरुण फरेरा यांना २००७ मध्ये नक्षलवादी असल्याच्या आरोपाखाली नागपुरात अटक झाली. जवळपास पाच वर्षं ते आत होते आणि पुढे त्या सगळ्या खटल्यांतून निर्दोष सुटले. ‘कलर्स ऑफ द केज’ हे त्यांचं पुस्तक २०१४ मध्ये आलं. त्यात जेलची चित्रंही त्यांनी स्वतः काढली आहेत.

मुंबईतले शाळाशिक्षक अब्दुल वाहिद शेख यांना २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट प्रकरणात अटक झाली. नऊ वर्षांनी, सप्टेंबर २०१५ मध्ये ते निर्दोष सुटले. ‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक त्यांनी आत असतानाच लिहायला घेतलं होतं.

भीमा कोरेगाव प्रकरणात अटक झालेल्या वकील सुधा भारद्वाज तीन वर्षांहून अधिक काळ खटला सुरू न होताच आत होत्या. आधी येरवडा, मग भायखळा. डिसेंबर २०२१ मध्ये त्या जामिनावर सुटल्या. २०२३ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘फ्रॉम फाशी यार्ड’ या पुस्तकात त्यांची स्वतःची कहाणी कमी आणि येरवड्यातल्या इतर बायकांच्या गोष्टी जास्त आहेत.

कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ची तर महाराष्ट्राला वेगळीच ओळख आहे. अनघा लेले यांनी केलेल्या त्याच्या मराठी अनुवादाला डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने पुरस्कार जाहीर केला आणि काही दिवसांतच तो रद्दही केला.

यातले बरेच जण राजकीय आरोपांखाली आत गेलेले आहेत. त्यांची मतं कुणाला पटतील, कुणाला नाही. पण रांग, कुलूप, ताट आणि तारीख याबद्दल ते जे सांगतात ते एकमेकांशी बरंच जुळतं. आणि यातल्या कुणीच फक्त स्वतःबद्दल लिहिलेलं नाही.

सकाळ: आधी मोजणी, मग चहा

जेलचा दिवस घड्याळापेक्षा गिनतीवर चालतो. पहाटे बरॅकचं कुलूप उघडतं, सगळे ओळीत बसतात आणि डोकी मोजली जातात. रात्री जितके आत गेले तितकेच सकाळी बाहेर आले पाहिजेत. आकडा जुळला की दिवस सुरू. नाही जुळला, की पुन्हा पहिल्यापासून.

मग चहा, नाश्ता, पाण्याच्या हौदापाशी गर्दी, संडाससाठी रांग. ज्या बरॅकमध्ये ठरलेल्या संख्येपेक्षा दीडपट-दुप्पट माणसं आहेत, तिथे सकाळचे दोन तास फक्त रांगेत जातात.

जेलच्या मराठीत ‘बंदी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. बंदी म्हणजे कैदी. आणि बंदी म्हणजे बरॅकला कुलूप लागण्याची वेळ. वेळा प्रत्येक जेलमध्ये थोड्या वेगळ्या असतात, पण साधारण दुपारी एकदा बंदी होते, मग थोडा वेळ दार उघडतं आणि संध्याकाळी पुन्हा बंदी. दर वेळी गिनती आलीच.

संध्याकाळची बंदी लवकर होते, म्हणून रात्रीचं जेवणही लवकर वाटलं जातं. बाहेर लोक ऑफिसातून निघायच्या तयारीत असतात, तेव्हा आत रात्रीची भाजी-भाकरी ताटात पडलेली असते. ती लगेच खायची की रात्री थंड झाल्यावर, हे ज्याचं त्याने ठरवायचं. त्यानंतर सकाळपर्यंत, म्हणजे बारा तासांच्या आसपास, दार उघडत नाही. दिवे मात्र रात्रभर चालू राहतात, कारण पहारेकऱ्याला सगळे दिसले पाहिजेत. अंधारात झोपणं ही किती मोठी चैन आहे, हे आत गेल्यावर कळतं.

झोपायला किती जागा?

बरॅक म्हणजे एक लांबलचक खोली. खाट नसते. सतरंजी आणि घोंगडी घेऊन जमिनीवर झोपायचं. गर्दीच्या जेलमध्ये एकाने कूस बदलायची तर शेजाऱ्यालाही बदलावी लागते.

कोण कुठे झोपणार, हेही ठरलेलं असतं. पंख्याखालची, भिंतीकडची जागा जुन्या किंवा वजनदार कैद्यांची. नवीन आलेल्याला बहुतेक वेळा संडासाजवळची जागा मिळते. पुढे कुणी सुटलं, की त्याची जागा रिकामी होते आणि हा एक हात पुढे सरकतो. बरॅकमधली बढती ती हीच.

काहींना बरॅकही मिळत नाही. त्यांना वेगळ्या कोठडीत ठेवतात. नागपूरच्या ‘अंडा’ बरॅकबद्दल फरेरा यांनी लिहिलं आहे. अंडाकृती उंच भिंतीच्या आत कोठड्यांचा एक पुंजका. तिथून झाड दिसत नाही, आकाशही नीट दिसत नाही. शारीरिक त्रासापेक्षा माणसं आणि हिरवा रंग न दिसणं जास्त जड जातं, असं त्यांचं म्हणणं.

सुधा भारद्वाज यांना येरवड्यात फाशी यार्डात ठेवलं होतं, म्हणजे फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांसाठी असलेल्या भागात. त्यांना कसलीच शिक्षा झालेली नव्हती. कोठडीच्या गजांमधून येणाऱ्या-जाणाऱ्या बायका त्यांना दिसत. त्या बघण्यातून आणि अधूनमधून होणाऱ्या बोलण्यातूनच त्यांचं पुस्तक तयार झालं.

ताट, कॅन्टीन आणि मनीऑर्डर

जेलचं जेवण नियमाप्रमाणे मिळतं. डाळ, भाजी, भात, चपाती किंवा भाकरी. प्रत्येकाचा वाटा ठरलेला. पण बिस्किट, फरसाण, चांगला साबण, टूथपेस्ट अशा गोष्टी हव्या असतील तर कॅन्टीनमधून विकत घ्याव्या लागतात. रोख पैसे जवळ ठेवता येत नाहीत. घरून आलेली मनीऑर्डर कैद्याच्या नावच्या खात्यात जमा होते आणि खरेदी तिथून वजा होते.

आर्यन खानला घरून साडेचार हजारांची मनीऑर्डर आली, तेव्हा त्याचीही बातमी झाली होती. करोडपतीच्या मुलाला एवढेच? अनेकांना गंमत वाटली. पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त तेवढेच पाठवता येत होते.

दुसऱ्या टोकाला असे कैदी असतात ज्यांच्या खात्यात कधीच काही येत नाही. कच्च्या कैद्यावर कामाची सक्ती नसते. काम नाही म्हणजे मजुरीही नाही. मग साबणाच्या वडीसाठी तो दुसऱ्याचे कपडे धुतो, भांडी घासतो, बिस्किटाच्या पुड्यासाठी कुणाची तरी कामं करतो. बाहेरची गरिबी-श्रीमंती गेटवर जमा करून घेतली जात नाही.

ताटातला हिशोब किती टोकाला जाऊ शकतो, हे जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात दिसलं. मंजुळा शेट्ये या कैदी महिलेचा तिथे मृत्यू झाला. २ अंडी आणि ५ पाव कमी पडले म्हणून कर्मचाऱ्यांनी तिला मारहाण केली, असा आरोप तिच्यासोबतच्या बायकांनी केला. त्यांनी आवाज उठवला म्हणून गुन्हा नोंदवला गेला, सहा महिला कर्मचाऱ्यांना अटक झाली आणि खुनाचा खटला उभा राहिला.

त्याच भायखळ्यातली दुसरीही एक आठवण आहे. अभिनेत्री रिया चक्रवर्ती २०२० मध्ये तिथे साधारण महिनाभर होती. जामीन झाला त्या दिवशी तिने खात्यात उरलेल्या पैशांतून बरॅकमधल्या बायकांना गोड वाटलं आणि त्यांच्यासोबत नाचली, असं भारद्वाज यांनी सांगितलं आहे. स्वतः रियानेही त्या नाचाबद्दल नंतर मुलाखतीत सांगितलं. एकीचा जामीन झाला की सगळ्या बरॅकला आनंद होतो, कारण जामीन होऊ शकतो हे त्यातून दिसतं.

कामाची वाटणी आणि जात

शिक्षा झालेल्यांना काम असतं. सुतारकाम, विणकाम, शिवण, बेकरी, शेती, स्वयंपाकघर. ज्याला लिहिता-वाचता येतं तो ऑफिसात ‘रायटर’ होतो, अर्ज लिहितो, नोंदी ठेवतो. संजय दत्तने येरवड्यात कागदी पिशव्या बनवल्या आणि जेलच्या अंतर्गत रेडिओवर आरजे म्हणूनही काम केलं.

पण कुणाला कुठलं काम, हे अनेक ठिकाणी जातीवरून ठरत होतं. आणि हे चोरून चाललेलं नव्हतं. काही राज्यांच्या जेल मॅन्युअलमध्येच तसं लिहिलेलं होतं. स्वयंपाकी वरच्या जातीचा असावा, सफाईला अमुक जातीचे लोक लावावेत. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी कैद्यांशी बोलून २०२० मध्ये यावर मोठी बातमी केली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात याचिका केली.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल आला. जातीवरून कामं वाटणं घटनाबाह्य आहे, असं सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सांगितलं. राज्यांना तीन महिन्यांत मॅन्युअल बदलायला सांगितलं. कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढून टाकायचाही आदेश दिला. स्वातंत्र्याला ७७ वर्षं झाल्यावर.

चष्मा, स्ट्रॉ आणि एक विनोदी पुस्तक

बाहेर ज्या गोष्टींचा आपण विचारही करत नाही, त्या आत अर्ज करून मिळवाव्या लागतात. तीन उदाहरणं बघा. तिन्ही नवी मुंबईतल्या तळोजा जेलची आणि तिन्ही कोर्टापर्यंत गेलेली.

पहिलं, चष्मा. भीमा कोरेगाव प्रकरणातले आरोपी गौतम नवलखा यांचा चष्मा नोव्हेंबर २०२० मध्ये आत असताना हरवला. घरच्यांनी नवा पाठवला, पण जेलने पार्सल घेतलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाला माणुसकीची आठवण करून द्यावी लागली.

दुसरं, स्ट्रॉ. त्याच प्रकरणातले ८३ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी यांना कंपवात होता. हात थरथरत, पेला धरता येत नसे. स्ट्रॉ आणि सिपरसाठी त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला आणि त्यावर उत्तर द्यायला तपास यंत्रणेने २० दिवस मागितले. मे २०२१ मध्ये व्हिडिओ कॉन्फरन्सवरून त्यांनी उच्च न्यायालयाला स्वतः सांगितलं की, आलो तेव्हा स्वतः चालू शकत होतो, अंघोळ करू शकत होतो, आता जेवायलाही दुसऱ्याची मदत लागते. ५ जुलै २०२१ ला हॉस्पिटलमध्ये त्यांचा मृत्यू झाला. जामिनाचा अर्ज तेव्हाही प्रलंबित होता.

तिसरं, पुस्तक. नवलखा यांना वुडहाउस या इंग्रजी विनोदी लेखकाचं पुस्तक हवं होतं. सुरक्षेला धोका म्हणून जेलने ते नाकारलं. एप्रिल २०२२ मध्ये हे ऐकून खुद्द न्यायाधीशांनीच हा प्रकार हास्यास्पद असल्याचं म्हटलं.

ही तिघांचीही नव्हे, दोघांचीच उदाहरणं आहेत आणि दोघांकडेही चांगले वकील होते. ज्याच्याकडे वकील नाही, त्याचा हरवलेला चष्मा हरवलेलाच राहतो.

मुलाकात: काचेपलीकडची वीस मिनिटं

आठवड्याभराचा सगळ्यात मोठा क्षण म्हणजे मुलाकात. मधे जाळी किंवा काच, हातात फोनचा रिसिव्हर, वेळ साधारण वीस मिनिटं. शेजारी आणखी दहा जण एकाच वेळी मोठ्याने बोलत असतात. गावाकडून येणाऱ्यांचा एक दिवसाचा रोजगार बुडतो, वर एसटीचं भाडं. म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला येणारे नंतर महिन्याने येतात, मग सणाला. आता ‘ई-मुलाकात’मुळे व्हिडिओ कॉलवर भेटता येतं, पण त्यासाठी घरात स्मार्टफोन आणि तो वापरता येणारं कुणीतरी हवं.

बायकांची मुलाकात जास्त लवकर बंद होते. नवरा आत असेल तर बायको डबा, पैसे, वकील असं सगळं बघते. बायको आत गेली तर सासर तर सोडाच, अनेकदा माहेरही पाठ फिरवतं. भारद्वाज यांच्या पुस्तकातल्या अनेक जणींची ही गोष्ट आहे.

काही मुलंही आत वाढतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालाप्रमाणे सहा वर्षांपर्यंतचं मूल आईसोबत जेलमध्ये राहू शकतं. सहा पूर्ण झाली की त्याला बाहेर जावं लागतं, नातेवाइकांकडे किंवा संस्थेत. आई आतच राहते.

महाराष्ट्रातल्या तुरुंगांमध्ये ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम होतो. शिक्षा झालेल्या कैद्यांना त्या दिवशी काच आणि जाळीशिवाय आपल्या मुलांना भेटता येतं, मांडीवर घेता येतं, सोबत खाता येतं. त्याचे फोटो बघितले तर हा उपक्रम का लागतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

तारीख

कच्च्या कैद्याचं आयुष्य तारखेला बांधलेलं असतं. आज तारीख आहे का? पुढची कधी? तारखेच्या दिवशी तो दाढी करून, त्यातल्या त्यात चांगला शर्ट घालून तयार राहतो. कोर्टात घरचे दिसतील, निदान रस्ता दिसेल.

पण कोर्टात न्यायला पोलिसांचा बंदोबस्त लागतो. तो अनेकदा मिळत नाही. गार्ड नाही, म्हणजे कोर्ट नाही. किंवा साक्षीदार आलेला नसतो, वकील आलेला नसतो, साहेब रजेवर असतात. आता बऱ्याचदा जेलमधूनच व्हिडिओ कॉन्फरन्सने हजेरी होते. एका खोलीत स्क्रीनसमोर काही क्षण उभं राहायचं, पुढची तारीख ऐकायची आणि परत. न्यायाधीशांना काही सांगायचं ठरवून आलेलं असतं, ते मनातच राहतं.

शिक्षा झालेल्याला निदान किती वर्षं उरली हे माहीत असतं. तो उलटे आकडे मोजू शकतो. त्याला संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे फर्लो आणि पॅरोल मिळू शकतो. कच्च्या कैद्याला यातलं काहीच नाही. त्याला किती दिवस काढायचे आहेत हे जेललाही माहीत नसतं. म्हणूनच शिक्षा परवडली पण ही तारीख नको, अशी भावना अनेकांची होते. आणि काही जण न केलेला गुन्हा कबूल करून मोकळे व्हायचा विचारही करतात.

जामीन झाला, तरी आतच?

आता सुरुवातीच्या पेटीकडे परत येऊ. जामीन मंजूर होणं आणि सुटणं यात बरंच अंतर असतं. कोर्ट रक्कम ठरवतं, हमीदार मागतं. हमीदाराकडे रेशन कार्ड, पगाराचा दाखला किंवा मालमत्तेचे कागद हवेत. परराज्यातून मजुरीला आलेल्या माणसाने मुंबईत किंवा पुण्यात असा हमीदार आणायचा कुठून?

२६ नोव्हेंबर २०२२ ला, संविधान दिनाच्या कार्यक्रमात, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसमोर हाच विषय काढला होता. त्यानंतर काही गोष्टी बदलल्या.

• जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, जामिनाचा आदेश जेलला ई-मेलने पाठवावा. सात दिवसांत कैदी सुटला नाही तर जेल अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. महिनाभरात हमी भरता आली नाही तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करू शकतं.

• २०२३ मध्ये केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. सुरुवातीला तिच्यात जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदतीची तरतूद होती.

• १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, याआधी कधीही दोषी न ठरलेल्या व्यक्तीने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर तिला सोडण्याची तरतूद आहे. इतरांसाठी ही मर्यादा निम्मी आहे. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेले गुन्हे यात येत नाहीत. एकापेक्षा जास्त गुन्हे प्रलंबित असतील तरही अडचण येते.

कागदावर हे सगळं आहे. अडचण अशी की आपल्याला हे लागू होतं, हे आतल्या माणसाला कुणीतरी सांगावं लागतं. भायखळ्यात असताना भारद्वाज यांनी नेमकं हेच केलं. कोरोनाच्या काळात त्या इतर बायकांचे जामिनाचे अर्ज लिहून देत होत्या.

आणि निर्दोष सुटलं तर?

सप्टेंबर २०११ मध्ये अरुण फरेरा यांची सुटका झाली. घरचे जेलबाहेर वाट बघत होते. गेटवरच साध्या वेशातल्या पोलिसांनी त्यांना उचललं आणि दुसऱ्या प्रकरणात अटक दाखवली. ते खऱ्या अर्थाने घरी गेले जानेवारी २०१२ मध्ये. बाहेर येऊन ते वकील झाले. २०१८ मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात पुन्हा अटक झाली आणि जुलै २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला.

दिल्लीचे मोहम्मद आमिर खान विशीत असताना, १९९८ मध्ये, बॉम्बस्फोटांच्या आरोपाखाली आत गेले. १४ वर्षांनी, बहुतेक खटल्यांतून निर्दोष ठरून बाहेर आले. तोपर्यंत वडील गेले होते आणि पक्षाघाताने आईची वाचा गेली होती.

चुकून आत घालवलेल्या या वर्षांचं काय? अशा लोकांना भरपाई देणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगाने २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात तो करावा असं सुचवलं होतं. वाहिद शेख यांनी २०२५ मध्ये मानवी हक्क आयोगाकडे नऊ वर्षांचे नऊ कोटी रुपये मागितले.

मग गुन्हेगारांना मोकळं सोडायचं का?

कमेंटमध्ये हा प्रश्न येणारच. आतल्या अनेकांनी खरोखर गंभीर गुन्हे केलेले असतात आणि बाहेर त्यांच्यामुळे उद्ध्वस्त झालेली कुटुंबंही असतात. जेलचे कर्मचारी अपुऱ्या संख्येत, तणावात काम करतात हेही खरं. पण खटला रखडला तर पीडित कुटुंबालाही न्याय मिळत नाही. तारखेची वाट तेही बघतच असतात.

आणि कायदा याबाबत स्पष्ट आहे. स्वातंत्र्य काढून घेणं हीच शिक्षा. पाणी, औषध, चष्मा, माणसासारखी वागणूक काढून घेणं हा त्या शिक्षेचा भाग नाही. कैद्याचे मूलभूत हक्क गेटवर संपत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सुनील बत्रा प्रकरणात सांगितलं आहे. आणि ज्याचा गुन्हा सिद्धच झालेला नाही, त्याच्या बाबतीत तर शिक्षेचा प्रश्नच अजून आलेला नाही.

तुमच्या ओळखीचं कुणी आत असेल तर

वकील परवडत नसेल तर मोफत वकील मिळणं हा हक्क आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेली कुठलीही व्यक्ती यासाठी पात्र असते. त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येतं किंवा १५१०० या हेल्पलाइनवर फोन करता येतो. जामीन मंजूर होऊन सात दिवस उलटले आणि सुटका झाली नसेल, तर याच प्राधिकरणाला तसं कळवता येतं. हमीची रक्कम भरता येत नसेल तर ती कमी करण्यासाठी किंवा वैयक्तिक जातमुचलक्यावर सोडण्यासाठी अर्ज करता येतो.

आणि जमलं तर मुलाकातीला जावं. ज्याला भेटायला कुणीतरी येतं, त्याच्या तारखेची, कागदांची आणि तब्येतीची चौकशी करणारं बाहेर कुणीतरी उरलेलं असतं.